सुचवणीचा रकाना

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या बोळक्याचा ठसा घेऊन माझ्याकडे पाठवतात. त्यावरून मी प्लास्टरचा साचा करतो, साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवतो आणि त्यात एकेक दात बसवतो. या धंद्यात केसभर चूक चालत नाही. वरची दाढ जरा उंच झाली तर माणूस महिनाभर जेवताना मला शिव्या घालतो, आणि त्याही त्याला नीट उच्चारता येत नाहीत. तेव्हा चूक दिसली की मला राहवत नाही. याला स्वभाव म्हणा किंवा पोटापाण्याची सवय म्हणा, आता दोन्ही एकच झालंय.

'खाऱ्या राज्याची गाथा' माझ्या आयुष्यात भावजींनी आणली. भावजी म्हणजे ताईचे यजमान. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. गाथेचे खंड सात, पण तेव्हा पहिलाच निघाला होता. मी कॉलेजात होतो आणि राक्षस, जादू, बोलणारे मासे हे सगळं पोरासोरांचं असतं असं माझं ठाम मत होतं. तीन दिवसांनी मी दुसरा खंड मागायला त्यांच्या दुकानात उभा होतो आणि तो अजून लिहून व्हायचा होता. लेखकाला आम्ही घरात 'म्हातारा' म्हणायचो, कारण तो पन्नाशीचा होता. मी स्वतः तिथे पोचल्यापासून या शब्दाबद्दलचं माझं मत बदललं आहे.

वाचायची पद्धत भावजींनी घालून दिली. नवा खंड आला की घरात एकच प्रत घ्यायची. रविवारी दुपारी ताईकडे बाहेरच्या खोलीत बसायचं आणि आळीपाळीने मोठ्याने वाचायचं: एक प्रकरण भावजी, एक ताई, एक मी. न वाचलेल्या पानांना रबरबँड लावलेला असायचा. रबरबँडच्या पलीकडे डोकावणं म्हणजे आमच्याकडे चोरीच्या जरा वरचा गुन्हा. ताई वाचनालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. लोकांनी दुमडलेली, चाटून उलटलेली, चहा सांडलेली पानं ती दिवसभर बघते. त्यामुळे पुस्तकाला हात लावायच्या आधी आम्ही दोघे गडी मोरीत हात धुऊन यायचो.

तिसऱ्या खंडात नावाडी बुडाला.

हा काही गाथेचा नायक नव्हे. राजकन्या, तिचा आंधळा भाऊ, मिठाचा राक्षस ही मोठी मंडळी. नावाडी त्यांना या काठावरून त्या काठावर नेतो आणि वाटेत कुरकुर करतो. पण ताईचा जीव त्याच्यावर. ती म्हणायची, बाकीचे सगळे जग वाचवायला निघालेत, हा एकटा कामावर निघालाय.

गाथेतला नियम असा, की खाडीत कुणी हरवला तर मनोऱ्यातली घंटा वाजवतात. दोन टोलांपर्यंत पाणी माणूस परत देऊ शकतं, तिसरा पडला की संपलं. खंड तिसरा, पान दोनशे बारा, मला तोंडपाठ आहे: 'बहिऱ्या घंटेवाल्याने दोर ओढला. एक. पुन्हा ओढला. दोन. मग तो जिना उतरू लागला. तिसरा टोल पडला तेव्हा धुक्यात काहीच दिसत नव्हतं.'

हे पान ताईच्या पाळीत आलं. ती वाचता वाचता थांबली. भावजी म्हणाले, मेला नाही तो. त्यांचं म्हणणं, तिसऱ्या टोलाच्या वेळी घंटेवाला जिन्यात होता, मग दोर ओढला कुणी? कुणीच नाही. वाऱ्याने घंटा हलली, आणि वाऱ्याचा टोल धरायचा नसतो. मी म्हटलं, टोल तो टोल. शिवाय पानभर धुकं आहे, आणि धुकं असताना वारा नसतो.

"पंतोजी," भावजी म्हणाले, "नाव बुडतेय आणि तुम्ही तिचे खिळे मोजताय."

तेव्हापासून मी त्या घरात पंतोजी झालो आणि वाद एकोणीस वर्षं चालला. पुढे त्याची पैज झाली: शेवटच्या खंडात जो खोटा पडेल त्याने ताईसमोर 'मी चुकलो' असं म्हणायचं. आमच्या घराण्यात हे शब्द कुणी उच्चारल्याचं ऐकिवात नसल्यामुळे पैज फार जबर समजली गेली.

सहावा खंड आला, तो वाचून झाला, आणि म्हातारा गप्प बसला. नऊ वर्षं. त्यातल्या पाचव्या वर्षी भावजी गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांचं बोलणं कमी झालं होतं, तरी एकदा मला जवळ बोलावून त्यांनी सांगितलं, सातव्यात नावाडी येईल तेव्हा मी समोर नाही म्हणून टाळाटाळ करायची नाही. मी म्हटलं, बघू. जाणाऱ्या माणसाला 'हो' म्हणायला काय जातं, असं लोक म्हणतात. माझं गेलं असतं.

त्यानंतर ताईने गाथेचा विषय एकदाच काढला. दुकान विकून आम्ही परत येत होतो. ती म्हणाली, "यांचं सगळं आवरून झालं रे. आता एवढी एकच गोष्ट उरलीये, ज्यात ते अजून बरोबर ठरू शकतात."

इकडे मी प्रकाशकांना गाथेतल्या चुका कळवत असे. दुसऱ्या खंडात राजकन्येच्या घोड्याच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, चौथ्यात तो मागच्या पायावर गेलाय. एका किल्ल्याला चढताना चाळीस पायऱ्या आहेत आणि उतरताना छत्तीस. अशा एकशे चौदा. उत्तर कधीच आलं नाही. मग एके दिवशी एका संपादकबाईंचा फोन आला. म्हातारा आता खरोखर म्हातारा झाला होता आणि मागचं त्याला आठवत नव्हतं. गाथा तुमच्याइतकी कुणालाच पाठ नाही, बाई म्हणाल्या. सातव्या खंडाची कच्ची पानं छपाईआधी तपासून द्याल का? फक्त पुस्तक बाहेर येईपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही, तसं लिहून द्यावं लागेल. मी लिहून दिलं. त्या दिवशी मी एका गृहस्थांच्या कवळीत दोन्हीकडे डावेच सुळे बसवले.

पानं आली, सोबत एक छापील तक्ता. त्यात तीन रकाने: पान, चूक, सुचवणी.

एकतिसाव्या प्रकरणात नावाडी परत आला. मी ते जेवणाच्या सुट्टीत वाचत होतो. समोर सोळा कवळ्या रांगेत वाळत होत्या. पहाटे काठावर कुणीतरी नाव बांधतंय आणि कुरकुरतंय, की इतक्या वर्षांत इथला दोर बदलायचं कुणाला सुचलं नाही. राजकन्या पायऱ्या उतरून येते. तिचे केस पिकलेत. तो वर बघतो आणि एवढंच विचारतो, अजून कुणी पलीकडे जायचं राहिलंय का? मी डबा न खाताच बंद केला. सातही खंडांत याच्या तोडीचं प्रकरण नाही, हे मी शपथेवर सांगतो.

आणि त्यातच चूक होती. नावाडी परत येऊ शकला, कारण त्याच्यासाठी घंटा दोनदाच वाजली होती, असं म्हाताऱ्याने लिहिलं होतं. तिसरा टोल तो साफ विसरला होता.

मी तक्ता पुढे ओढला. पान: चारशे सहा. चूक: घंटा तीनदा वाजली होती, पाहा खंड तिसरा, पान दोनशे बारा. पेन सुचवणीच्या रकान्यापाशी आलं आणि थांबलं. तिथे एक वाक्य पुरलं असतं: तिसऱ्यांदा दोर कुणी ओढला नव्हता. एकोणीस वर्षं ते वाक्य मी ऐकलं होतं, झोपेतही म्हणून दाखवलं असतं. पण माझ्या मनात आलं, लेखकाला सुचवणारा मी कोण? वाचकाने आपल्या पायरीने राहावं. इतर एकवीस चुकांपुढे मी सुचवण्या लिहिल्या होत्या. एक लढाई तर चार दिवस अलीकडे आणली होती. तेव्हा ही पायरी आठवली नव्हती. रकाना कोरा ठेवून मी पाकीट चिकटवलं. त्या क्षणी मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. वाद जिंकल्यावर वाटतं तसं.

म्हातारा एवढ्या राज्याचा मालक, तो काहीतरी वाट काढेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पाच महिन्यांनी प्रकाशकांकडून सातवा खंड घरी आला. एकतिसाव्या प्रकरणात आता तह होत होता. चौदा पानं तह. नावाड्याचं कुठे नावही नव्हतं. शेवटच्या पानावर आभार होते, संपादकबाईंचे, नकाशे काढणाऱ्याचे, आणि मग हे: 'दात बनवणाऱ्या त्या वाचकांचे आभार, ज्यांनी माझ्या घंटा माझ्यापेक्षा नीट मोजल्या. ते नसते, तर परत यायचा हक्क नसलेल्या एका माणसाला मी परत आणलं असतं.'

दात बनवणारे वाचक ताईच्या ओळखीत एकच आहेत.

मेण कोरायची माझी एक सुरी आहे, पात्याने बारीक आणि धारेला कडक. तिने मी ते पान कापलं. मुळापासून कापलं. जरा कड सोडली असती तर चाललं असतं. पण कड सोडली की बोटाला लागते, आणि कुणाला काही लागू नये यासाठी मी आयुष्यभर घासत आलोय. पान मी टेबलाच्या खणात, वरच्या आणि खालच्या दातांच्या डब्यांमध्ये ठेवलं. मग पुस्तकाला रबरबँड लावून ताईकडे गेलो.

पस्तीस प्रकरणांना बारा रविवार लागले. भावजींची पाळी आता ताईच वाचत होती. आधी त्यांचं प्रकरण, मग घोटभर पाणी, मग स्वतःचं. माझ्या पाळीला ती डोळे मिटून ऐकायची, आणि मी असा वाचायचो, जसा पुढे काय आहे ते माहीत नसलेला माणूस वाचतो. म्हणजे वाईट वाचायचो. दर रविवारी उठताना ती रबरबँडखालची जाडी अंगठ्याने चाचपायची आणि म्हणायची, आहेत अजून पानं. सातव्या रविवारी म्हणाली. नवव्या रविवारी म्हणाली. अकराव्या रविवारी एकतिसावं प्रकरण आलं, आणि पाळीप्रमाणे ते भावजींच्या वाट्याचं होतं. ताईने चौदा पानं तह वाचला, एक शब्द न गाळता. शेवटी म्हणाली, यांना तह कधी आवडला नाही.

बाराव्या रविवारी शेवटचं प्रकरण वाचताना एक पान तिच्या हातात आलं.

शब्दशः आलं. तिने उलटायला धरलं आणि ते सुटून बोटात राहिलं. ताईने ते जागेवर ठेवलं, पुस्तकाच्या घडीत नख फिरवलं, आणि पुढे वाचू लागली. आवाज बदलला नाही. राजकन्या गादीवर बसली, खाडीवर दिवे लागले, गाथा संपली. नावाडी आला नाही. ताईने रिकामा रबरबँड मनगटात घातला.

"एक पान गेलंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, छापखान्यात राहिलं असेल.

"शिवलेल्या पुस्तकात प्रत्येक पानाला दोऱ्यापलीकडे एक जोडीदार असतो. एक मुळातून कापलं की दुसरं आज ना उद्या सुटतं. हे कापलंय. सुरी चांगली होती आणि हात सवयीचा होता."

कुणाचा, ते तिने विचारलं नाही. उद्या वाचनालयात नव्या प्रती येणार आहेत, एवढं म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. चहा पिताना तिने माझ्या कामाची चौकशी केली. मी सांगितलं, हल्ली लोकांचे दात लवकर पडतात. ती म्हणाली, हो ना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. पान घेऊन ये.

मी गेलो तेव्हा टेबलावर रद्दीचा कागद पसरलेला होता, वाटीत खळ, बाजूला ब्रश. मी पान दिलं. तिने ते वाचलं नाही, म्हणजे वाचनालयात वाचून झालं होतं. पानाच्या कडेला ती पातळ कागदाची पट्टी लावू लागली. मी भावजींच्या खुर्चीच्या बाजूला उभा राहिलो. बस म्हणाली असती तर बसलो असतो.

"तो आला होता?"

"आला होता. एकतिसाव्यात."

"कसा?"

मी सांगितलं. जेवढं आठवलं तेवढं. पहाट, जुना दोर, कुरकुर, पिकलेले केस, तो शेवटचा प्रश्न. सांगताना पानाचा आकडा मात्र तोंडात आला नाही, पहिल्यांदाच. ताई ऐकत होती आणि ब्रश वाटीतच राहिला होता. ऐकून झाल्यावर तिने खळ पुन्हा ढवळली.

"वाऱ्याचं लिहिलंस त्यांना?"

"नाही."

"जागा नव्हती?"

"होती. आख्खा रकाना होता."

तिने पान पुस्तकात धरून पट्टी दाबून बसवली आणि त्यावरून घड्या दाबायची हाडाची कांडी फिरवली, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मला वाटलं, आता काही बोलेल. मग मीच म्हणालो, "मी चुकलो." आमच्या घरात हे पहिल्यांदाच ऐकू येत होतं, पण भिंतींना काही झालं नाही.

"मला काय सांगतोस," ताई म्हणाली. "पैज मी लावली नव्हती."

तिने पुस्तक मिटून त्यावर आधीचे सहा खंड वजन म्हणून ठेवले. कपाटातून भावजींच्या दुकानाचा छापील कागदांचा गठ्ठा काढला. वर डाव्या कोपऱ्यात चष्म्याचं चित्र, मधोमध भावजींचं नाव, खाली 'नजर तपासून मिळेल' आणि दुकानाबरोबर घरचाही पत्ता. एक कागद माझ्यापुढे सारला आणि म्हणाली, लिही. पत्र म्हाताऱ्याला होतं. तिने एकेक वाक्य सांगितलं आणि मी लिहिलं: तिसऱ्या टोलाच्या वेळी घंटेवाला जिन्यात होता. दोर कुणी ओढला नाही, वारा होता. आमच्या घरात हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तुमच्या घंटा मोजणाऱ्यालाही ठाऊक होतं. त्याने लिहिलं नाही.

शेवटचं वाक्य लिहायला मला जरा वेळ लागला. ती थांबली.

मी विचारलं, भावजींबद्दल काही लिहायचं का? ती म्हणाली, त्यांचं नाव वर छापलंय की. मी विचारलं, खाली सही? ती म्हणाली, पुरे एवढं, जाताना पेटीत टाक.

पुढचे रविवार मी जात राहिलो. न जाण्याला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं, आणि खरं कारण दोघांनाही माहीत होतं. वाचायला काही नव्हतं. ती घरी आणलेली पुस्तकं दुरुस्त करायची, मी खिडकीतून रस्ता बघायचो. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. तिसऱ्या रविवारी तिने मला विचारलं, चहात साखर किती घालू? गेली तीस वर्षं माझा चहा ती करतेय. हे ती पाहुण्यांना विचारते.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. पाकिटावर भावजींचं नाव होतं, म्हाताऱ्याच्या थरथरत्या अक्षरात. ताईने ते रविवारपर्यंत फोडलं नव्हतं. मी बसल्यावर फोडलं आणि मोठ्याने वाचलं. भावजींची पाळी तीच वाचते.

'प्रिय चष्मेवाले, तुमचं पत्र आल्यावर मी ते पान उघडलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे. दोर मी मोकळा सोडला होता, आणि का सोडला ते पुढे विसरून गेलो. आमच्या संपादकबाई म्हणतात, धुक्यात वारा नसतो. मी त्यांना म्हटलं, मग धुकं जातं कसं? पुस्तक आता छापून झालं, ते मी बदलणार नाही. पण तो आला होता, हे तुम्हाला माहीत असावं. तुमची नजर फार चांगली आहे, डोळ्यांना जपा. त्या दातवाल्यांना सांगा, मोजणी बिनचूक होती.'

ताईने पत्र घडी घालून मांडीवर ठेवलं. पैज भावजींनी जिंकली होती, आणि जिंकून त्यांना हे एवढं पत्र मिळालं होतं. पुस्तकात तो आला असता, तो रकाना मी कोरा ठेवला होता.

शिवाय पत्रात एक चूक होती. अगदी ढळढळीत. ते ज्यांना लिहिलं होतं, ज्यांना डोळे जपायला सांगितलं होतं, ते चार वर्षांपूर्वी गेलेले होते. म्हाताऱ्याला ते ठाऊक असायला हवं होतं. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. मी तो मुद्दाम नेला नव्हता.

"ताई, त्यांना वाटतंय की भावजी अजून..."

"वाटू दे."

"पण निदान कळवायला तरी..."

"हे दुरुस्त करू नकोस," ताई म्हणाली.

ती उठली. सातवा खंड काढून तिने एकतिसाव्या प्रकरणात, त्या तहाच्या चौदा पानांमध्ये, पत्र ठेवलं, आणि मनगटातला रबरबँड काढून पुस्तकाला लावला. मग आत गेली. कपबशांचा आवाज आला, आणि आतूनच तिने विचारलं, साखर किती घालू?

मी म्हटलं, दोन चमचे.